वायर काढून दहा मिनिटं

दुपारचा डबा धुऊन शलाका खुर्चीत टेकते. यंत्रखोलीतल्या एसीच्या घरघरीत तिचा डोळा लागतो न लागतो, तोच समोरच्या स्टुलावर चौगुले साहेब बसलेले असतात. त्यांना जाऊन आठ महिने झाले. या छोट्या विमानतळाचे रेडिओ तिच्या आधी तीस वर्षं त्यांनीच सांभाळले. मेल्यावर तरी माणसाने जरा निवांत बसावं, पण छे, नजर थेट रोजच्या तपासणीच्या रजिस्टरवर.

"सही केलीस न्हवं?"

"केली, सर. रोजच करते."

"राखीव सेट बोलला का तुझ्याशी?"

"दिवा हिरवा होता."

साहेब रजिस्टर मिटून बाजूला सारतात. हे तिला बोलणी खाण्यापेक्षा वाईट वाटतं.

आता ती वर टॉवरच्या काचेच्या केबिनमध्ये आहे. मोठे रेडिओ सगळे बंद पडलेत, बाहेर दोन विमानं घिरट्या घालताहेत. अशाच वेळेसाठी ठेवलेला, बॅटरीवरचा राखीव सेट तिच्या हातात आहे. ती बटण दाबून हाका मारते. सेट मुका. ती जिन्याकडे धावते, उतरते ती स्वतःच्या स्वयंपाकघरात. खिडकीतून तीच दोन विमानं दिसतात. मागचं दार उघडावं तर पुन्हा केबिन, आणि या खेपेला तिथे जिनाच नाही.

"सर, मला बाहेर काढा हो."

"मी काय काढणार? वायर काढ."

कुठली वायर, हे तिला पक्कं ठाऊक आहे. साहेब रोज सकाळी सेटची चार्जरची वायर काढून दहा मिनिटं थांबत. मग धावपट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या आगीच्या बंबाला त्या सेटवरून हाक मारत. तिकडून उत्तर आलं तरच सही. शलाकाला हा म्हातारपणाचा चाळा वाटायचा. पण वायर लावलेली असली की बॅटरी मेलेली असो नाहीतर जिवंत, दिवा हिरवाच दिसतो.

"काढल्यावर बंद पडला तर?"

"तर पडंल."

"आठ महिन्यांच्या सह्या आहेत माझ्या. नोकरी जाईल, सर."

"अन् त्या विमानातल्यांचं काय जाईल?"

तिला त्यांचा राग येतो, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटते. काच आता चारी बाजूंनी इतकी जवळ आलीय की हात पसरता येत नाही. साहेब तिच्या मुठीवर आपला गार हात ठेवतात.

"ओढ, पोरी."

तिला जाग येते. सव्वातीन वाजलेत, मान अवघडलीय. मुठीत चार्जरची वायर आहे, सेटमधून उपटलेली. टेबलावरच्या सेटचा दिवा विझलाय. ती बटण दाबते. साधी खरखरही येत नाही.

वायर परत खुपसली तर दिवा लागेल आणि कुणाला काही कळणार नाही. ती वायर न सोडता दुसऱ्या हाताने टॉवरला फोन लावते.

"शलाका बोलतेय. राखीव सेट बंद आहे. सकाळी मी तो चालू असल्याचं लिहिलंय, ते खोटं आहे. लिहून घ्या."