रोडगे कोनाले येतात?

"भाऊजी, रोडगे कोनाले येतात?"

सरपंच आणि सदस्य बायकांचं प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी आमच्या प्रशिक्षक ताई दारात उभ्या राहून हा एकच प्रश्न विचारायच्या. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर, आणि नजर अशी की जणू बाजारात वांगी निवडायला आल्यात.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुरुषाला रोडगे येतात का असं विचारणं म्हणजे त्याच्या मिशीलाच हात घालणं. घरी हा माणूस पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने घेणार नाही. पण गोवऱ्या पेटवून कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे म्हटलं की ते पुरुषांचं काम, आणि त्यात प्रत्येक जण उस्ताद. त्यामुळे कुणीतरी फुरफुरायचाच.

"येतात म्हंजे? आमच्या गावात या एकडाव, मंग सांगतो!"

"मंग कायले उभे हा? गोवऱ्या निंबाखाली हायेत, कनीक मळाची हाये. चला."

तुम्ही अशा प्रशिक्षणांना गेला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. गावाचा विकास आराखडा कसा करायचा हे शिकायला बोलावतात बायकांना, आणि येतात जोडपी. बाई खुर्चीवर, भाऊजी खुर्चीच्या मागे. नाव विचारावं बाईला आणि ते सांगावं मागच्याने. "बाहेर थांबा" म्हटलं की रुसवे-फुगवे, मग कुणाचातरी फोन. ताईंनी मात्र कुणालाच कधी बाहेर काढलं नाही. त्या रोडगे करायला पाठवायच्या. आणि रोडगे एकदा निखाऱ्यात गेले की माणसाला उठता येत नाही, जरा नजर हटली की करपतात. करपलेले रोडगे पंगतीत वाढण्यापेक्षा आमच्याकडचा पुरुष निवडणूक हरणं पत्करील.

मी त्यांच्या हाताखाली नवीनच लागलो होतो. मला वाटलं होतं, भिंतीवर तक्ते लावीन, खडू घेऊन चार शब्द बोलीन. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "तू बाहेर. भाऊजींपाशी. एकबी उठून आत नाही आला पायजे." असा मी आराखड्याचा प्रशिक्षक म्हणून नोकरीला लागलो आणि धुराने डोळे चोळत बसलो. ताईंचं शिकवणं मला कळलं ते बहुतेक खिडकीतून.

एका सरपंचबाईंच्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात ग्रामपंचायतीचा शिक्का होता. पेन असावं तसा तो कायम तिथेच असायचा. ताईंनी तो पाहिला आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, "भाऊजी, आगीपाशी बसून राह्यले तुमी. रबर वितळते ना. द्या वहिनीपाशी."

त्याने खरंच दिला. संध्याकाळी जाताना तो खिसा चाचपत होता, आणि वहिनींनी पर्सची चेन लावून घेतली होती. ताई गंभीर चेहऱ्याने मला म्हणाल्या, "पाहा, वाचला ना शिक्का?"

आत त्या काय करायच्या? टेबलामागे साहेब होऊन बसायच्या. चष्मा नाकावर ओढायचा, समोर कागद धरायचा, मान वर करायची नाही. एकेका बाईने पुढे येऊन गावाची मागणी मांडायची. आणि साहेब झाल्या रे झाल्या की ताईंचे कान जायचे.

"मले आयकू नाही आलं, बाई. पुन्हा. मोठ्यानं."

बाई पुन्हा बोलायची. "नाही आलं. मोठ्यानं." बाहेर निंबाखाली आम्ही हे ऐकत असायचो. सकाळी खिडकीतून फक्त ताईंचा आवाज यायचा. ऊन चढेल तसा हळूहळू दुसऱ्यांचाही यायला लागायचा, आणि रोडगे फिरवता फिरवता एखादा नवरा दचकून विचारायचा, "हे कोन, आमची बोलून राह्यली का?"

एकदा कळंबच्या रस्त्याने जीपमधून परतताना मी त्यांना विचारलं, "ताई, ही रोडग्याची शक्कल सुचली कुठून?"

त्या मुकुटबनकडच्या. बाहेरच्या कपाशीकडे पाहत म्हणाल्या, "मीबी सरपंच होती, बाबू. पाच वर्स. माहा आवाज ग्रामपंचायतीच्या हालनं एकदाच आयकला. त्या दिवशी मारुतीच्या पारावर रोडगे होते अन् हे भाजाले बसले होते. उठताच नाही आलं त्याईले." मग हसल्या. "मानूस वाईट नोयता हो. अन् रोडगे तं असे करे का इचारू नको."

मला त्या दिवसापासून धुराचा त्रास कमी वाटायला लागला.

आता रामधनची गोष्ट सांगतो, कारण ताई मला आठवतात त्या याच गोष्टीत. रामधनची बायको ललिता बंजारा तांड्यातली, निवडून आलेली सरपंच. तांडा आणि मूळ गाव यांच्या मधून नाला जातो. शाळा गावात, पोरं तांड्यात. पावसाळ्यात नाला भरला की शाळा बंद. रामधन दर वर्षी तालुक्याच्या आराखडा बैठकीला जायचा, पूल मागायचा, आणि "पुढच्या आराखड्यात घेऊ" एवढं ऐकून परत यायचा. या वेळी वरून निरोप होता की सरपंचाने स्वतः बोलायचं. रामधनचा जीव टांगणीला लागला होता.

"सर, तिले बोलता नाही येत," तो निखारे सारखे करत मला म्हणाला. "मराठीत तं तिची जीभच अडते. मी नाही बोललो तं पूल गेला समजा हातचा."

त्याला बायकोवर हुकूम गाजवायचा नव्हता. पूल हवा होता, एवढंच.

आत ललिताची पाळी आली. आम्हाला फक्त ताई ऐकू येत होत्या. "मोठ्यानं. मोठ्यानं, बाई." रामधन मान खाली घालून रोडगे फिरवत होता. मग ताई थांबल्या, आणि म्हणाल्या, "जाऊ दे मराठी. तुह्या गोरबोलीत सांग. मी साहेब हाये, मले तसंही काई समजत नाही."

आणि मग खिडकीतून जो आवाज आला, त्याने निंबावरच्या साळुंक्या उडाल्या नसतील तर नवल. खणखणीत, एका दमात, न अडखळता. आम्हाला शब्द कळेना. निंबाखाली ते समजणारा एकच माणूस होता. तो हातातला चिमटा टाकून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. माझं काम त्याला अडवायचं होतं. मी अडवलं नाही.

"काय म्हणते?" मी मागे जाऊन विचारलं.

"मांगच्या पावसाळ्यातलं सांगून राह्यली," तो खिडकीकडेच पाहत म्हणाला. "शाळा सुटली अन् नाल्याले पूर आला. पोरं तिकडच्या काठावर, आमची इकडच्या. एखादं पोट्टं पान्यात पाय टाकन म्हून हे वरडत राह्यली, पानी उतरेपर्यंत. एकेकाचं नाव घेऊन."

"तुम्ही कुठे होता?"

"तालुक्याले. मीटिंगले गेलतो, पूल मांगाले." त्याने खिडकीचा गज धरला. "घरी आलो तं तिचा गळा बसेल होता. मले वाटलं सर्दी झाली. काढा पी म्हनलं."

मग अगदी हळू म्हणाला, "अन् मी म्हन्तो, तिले बोलता नाही येत."

मागे रोडगे करपल्याचा वास सुटला होता. बाकीचे नवरेही कधी खिडकीशी आले ते मलाच कळलं नव्हतं. पंगतीत काळे ठिक्कर रोडगे आले. पुरुष ताटाकडे बघत नव्हते. ताईंनी त्यातला सगळ्यात काळा उचलला, राख झटकली, फोडला, वरणात कुस्करला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

"इतका चांगला रोडगा," त्या म्हणाल्या, "माह्या घरीबी कधी झाला नाही."

तालुक्याच्या बैठकीत ललिता उभी राहिली तेव्हा ताई आणि मी सगळ्यात मागच्या रांगेत होतो. पहिलं वाक्य तिने गोरबोलीतच म्हटलं, पोरांची नावं. मग मराठीत नाला, पूर आणि पूल. समोरचे साहेब दचकून म्हणाले, "बाई, हळू बोला, मला ऐकू येतंय." सारं सभागृह हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुसतच राहिल्या. पूल त्या आराखड्यात आला.

त्यानंतर वर्षभरातच ताई गेल्या. पोटाचं दुखणं होतं. सगळ्या जिल्ह्याच्या बायकांना मोठ्याने बोलायला लावणाऱ्या या बाईने स्वतःचं दुखणं कुणाला हळूसुद्धा सांगितलं नाही. मला याचा अजून राग आहे.

पूल बांधून झाला. उद्घाटनाला मी गेलो, तेव्हा अर्ध्या तालुक्यातल्या सरपंचबाया आल्या होत्या, आणि पुलापासून बऱ्याच लांब, पळसाखाली, त्यांचे नवरे रोडगे भाजत होते. कुणी त्यांना पाठवलं नव्हतं. रामधनने एक रोडगा मुद्दाम निखाऱ्यात ठेवून काळा केला आणि पानावर वेगळा काढला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "त्याले नका लावू हात. तो ताईचा हाये."

तेवढ्यात पुलावर ललिताला बोलायला उभं केलं. माइक खरखरायला लागला, तसा तिने तो बाजूला सारला. नाल्याच्या दोन्ही काठांवर पोरं बसली होती.

"मांगं आयकू येते का?" तिने विचारलं.

येत होतं. पळसाखालच्या आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. रामधन निखाऱ्यापासून उठला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गळा फाडून ओरडला,

"नाही! पुन्हा! मोठ्यानं!"

ललिता हसली, डोळे पुसले, आणि पुन्हा बोलायला लागली.