मेधाच्या पत्त्यांतला चंद्र

मेधा, नंदा, हिरामावशी आणि मी, आम्ही चौघी रोज सकाळी लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या तलावावर चालायला जातो. म्हणजे घरी तसं सांगतो. प्रत्यक्षात थोडं चालतो आणि उरलेला वेळ कट्ट्यावर बसतो. त्यामुळे वजन कुणाचंच कमी झालं नाही, पण किस्से मात्र इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा निघतो, आणि आपण मुळात काय सांगत होतो तेच विसरायला होतं. त्यात गेल्या वर्षी मेधाने टॅरो, म्हणजे पत्ते काढून भविष्य सांगणं, शिकायला घेतलं. मग तर काही विचारूच नका!

मेधा बँकेतून लवकर रिटायर झालेली. लेकीने तिला ऑनलाइन कोर्स भेट दिला. कोर्सच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सगळी कार्डं एकदम पाठ करू नका. आधी एकाच कार्डाशी मैत्री करा. ते रात्री उशीखाली ठेवून झोपा." मेधाने मैत्रीसाठी चंद्राचं कार्ड निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "चित्र छान आहे गं!"

चित्र खरंच छान होतं. वर पिवळा चंद्र, त्याला माणसाचं तोंड, डोळे मिटलेले. खाली एक कुत्रा आणि एक लांडगा, दोघंही वर बघून ओरडतायत. मागे दोन बुरूज. पुढे तळं, आणि दोन बुरुजांच्या मधून एक वाट पार डोंगरापर्यंत गेलेली. मेधा तासभर त्याच्याकडे बघत बसायची.

* * *

पहिलं गिऱ्हाईक हिरामावशी. मावशी कुसगावच्या. घरची शेती, शिवाय टुरिस्टांसाठी बांधलेल्या चार खोल्या. तोंड असं, की टुरिस्ट खोली सोडताना स्वतःच चादरींच्या घड्या घालून जातात.

मेधाने पत्ते पिसले, कॅट मावशींपुढे धरला. मावशींनी एक ओढला. चंद्र!

"आता शांत मनाने बघा," मेधा म्हणाली. "सगळ्यात आधी काय दिसतं?"

"ख्येकडा," मावशी म्हणाल्या.

आम्ही वाकून बघितलं. खरंच की! तळ्यातून काहीतरी नांग्यावालं बाहेर येत होतं.

"ते प्रतीक आहे मावशी. मनाच्या तळाशी दडलेली भीती असते ना, ती अशी हळूच वर येते."

मावशींनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "वर आला तर आमी त्याला कालवणात टाकतो. भ्यायचं त्यानं. म्या कशाला भिऊ?"

मेधाने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

* * *

मग माझी पाळी. मी शाळेत मराठी शिकवते. तेव्हा मला सुपरवायझर व्हायला सांगत होते. घ्यावं की न घ्यावं, काही सुचत नव्हतं. म्हटलं, विचारू या.

चंद्र!

"गोंधळ," मेधा गंभीरपणे म्हणाली. "तुझ्या मनात गोंधळ आहे."

"अगं, म्हणून तर विचारतेय ना!"

"थांब. कार्ड उलटं आलं असेल तर गोंधळ मिटतो."

"मग उलटं आलंय का?"

मेधाने बघितलं. माझ्या बाजूने ते उलटं होतं, तिच्या बाजूने सुलटं. कुणाची बाजू धरायची हे कोर्समध्ये अजून झालं नव्हतं. मी उठून तिच्या जागेवर बसले, ती माझ्या. तरी काही ठरेना. मग नंदा मध्ये बसली आणि कार्ड आडवं धरून म्हणाली, "आता?"

एवढ्यात रोज फेऱ्या मारणारे एक काका थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, रमीला पाचवा हात हवाय का?"

सुपरवायझर मी झालेच नाही. म्हणजे मी ठरवेपर्यंत त्यांनी दुसऱ्या बाईंना केलंसुद्धा!

* * *

कुत्रा आणि लांडगा हा आमचा सगळ्यात मोठा वाद. त्यातला कुत्रा कुठला आणि लांडगा कुठला? माझ्या मते डावीकडचा कुत्रा. नंदाच्या मते उजवीकडचा, कारण त्याचा चेहरा गरीब होता. हिरामावशींच्या मते दोन्ही कुत्रीच, त्यातलं एक उपाशी.

शेवटी मेधाने कोर्सच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. तलावावर नेटवर्कची बोंब, त्यात धुकं असं की समोरचा माणूस दिसेना. बाईंचं तोंड मधेच थिजायचं, मधेच हलायचं.

"मॅडम, आमच्या मावशींना चंद्र आलाय," मेधा ओरडली. "यातला कुत्रा कोण आणि लांडगा कोण?"

बाई हसल्या. "तसं नसतं. एक आपला माणसाळलेला भाग, एक रानटी. त्यांना सांगा, दोन्ही तुम्हीच आहात. कुत्राही तुम्ही आणि..."

आणि कॉल कट झाला.

हिरामावशी सावकाश उठल्या, पदर खोचला. "मेधे, ती बाई मला काय म्हनली? पुन्यांदा लाव फोन!"

* * *

मेधाचा बंगला वीकेंडला भाड्याने जातो. एकदा फोन आला. पुण्याहून बारा-पंधरा माणसं, शनिवार-रविवार, नाव सांगायला जरा टाळाटाळ. मेधाने कार्ड काढलं. चंद्र. म्हणजे 'काहीतरी लपवलं जातंय, दिसतं तसं नाही.' मेधाने ताबडतोब बुकिंग नाकारलं. वर सुनावलंही, "खोटं बोलून इथे कुणाला जागा मिळत नाही!"

शनिवारी नणंदेचा फोन. रडत होती. भाऊ-वहिनीच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळं माहेर गोळा करून सरप्राइज द्यायचं म्हणून तिनेच दिराकरवी बुकिंग करायला लावलं होतं!

"पण कार्ड बरोबरच होतं ना!" मेधा नवऱ्याला म्हणाली. "लपवलं जात होतंच!"

"हो," अरुणभाऊजी म्हणाले. "तुझं कार्ड बरोबर आहे. म्हणून तर आज आपण दोघंच पिठलं-भात खातोय."

* * *

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग नंदाने कार्ड काढलं.

नंदा आमच्या शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात नोकरीला. स्वभावाने इतकी भिडस्त, की तिला चहात साखर कमी आहे हे सांगायलाही संकोच वाटतो. त्या दिवशी ती म्हणाली, "मेधा, मलाही काढू दे. पण प्रश्न मनातच ठेवणार."

चंद्र.

मेधा तोवर चांगली तयार झाली होती. डोळे मिटून म्हणाली, "जे दिसतंय ते तसं नाही. पायाखालची वाट स्पष्ट नाही. आत्ता काही ठरवू नकोस. थांब."

नंदा "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिचं तलावावर येणं बंद! शाळेत विचारलं तर, "पाय दुखतोय." रजिस्टरमध्ये मुलांची नावं चुकायला लागली. नंदाच्या हातून अक्षर चुकलेलं शाळेने कधी बघितलं नव्हतं.

शेवटी मी तिला मधल्या सुट्टीत लॅबमध्ये गाठलं. म्हटलं, "पाय कुठला दुखतो ते दाखव." तिने आधी डावा दाखवला, मग उजवा. मग रडायला लागली.

तळेगावचे एक सुधाकरराव होते. कारखान्यातून रिटायर, पत्नी वारलेली. एका लग्नात ओळख झाली, फोन सुरू झाले. त्यांनी सरळ विचारलं होतं, "उरलेलं आयुष्य एकत्र काढू या का?" नंदाला माणूस आवडला होता. पण मुलाला काय वाटेल, ऑफिसात काय म्हणतील, या वयात हे शोभेल का... तिला काहीच कळेना. म्हणून तिने मनात तो प्रश्न धरून कार्ड काढलं होतं. आणि संध्याकाळी त्यांना फोनवर सांगून टाकलं होतं, थांबा.

"मग ते काय म्हणाले?"

"मी ऐकलंच नाही, लगेच फोन ठेवला. त्यानंतर फोनच नाही आला."

* * *

मी मेधाला सांगितलं तेव्हा ती मटकन खालीच बसली. "अगं, लग्नाचा प्रश्न आहे हे सांगायचं तरी! चंद्र म्हणजे ओढसुद्धा असते. मनाचा कौल असतो! मी वेगळं सांगितलं असतं!"

"म्हणजे कार्ड तेच आणि अर्थ वेगळा?"

"प्रश्नावर असतं ते."

"आणि प्रश्न माहीत नसेल तर?"

 मेधाने कॅट हातात घेतला, सहज कापला. चंद्र. परत कापला. चंद्र. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कॅट आडवा धरला तर मधोमध चक्क फट दिसत होती! लोणावळ्याची ओल, त्यात रोज उशीखाली. ते एकच कार्ड पापडासारखं वाकलं होतं. कुठूनही हात घाला, चंद्रच येणार!

"म्हणजे नंदाला थांबायला..." मेधाचं वाक्य पुरं होईना.

आम्ही दोघी तशाच नंदाच्या घरी गेलो. वाटेत हिरामावशींना घेतलं. मेधाने ओल, उशी, पापड सगळं सांगितलं. नंदाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मग ते थांबा म्हणणं खरं होतं की नव्हतं?"

हिरामावशींनी कार्ड मागून घेतलं, पुष्कळ वेळ न्याहाळलं.

"कुत्रं भुकतंय, लांडगा वरडतोय, आन वरचा बाबा डोळं झाकून बसलाय. ह्यात लगीन कुटं हाय? ए पोरी, त्या मानसाला तूच फोन लाव की!"

नंदाने फोन लावला. उचलला नाही. परत लावला. स्विच ऑफ!

* * *

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको. दोघांचं लग्न झालं. मुलगा सगळ्यात पुढे होता, आईच्या साडीचा रंगसुद्धा त्यानेच ठरवला. पण मला सांगायचाय तो फोन बंद लागल्यानंतरचा रविवार.

आम्ही नंदाला जवळजवळ ओढत तलावावर आणलं होतं. कट्ट्यावर चौघी बसलेल्या. एवढ्यात रस्त्याने एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात छत्री. आमच्यासमोर येऊन उभे राहिले. नंदा एकदम उठली आणि तशीच परत बसली.

त्यांनी आम्हा सगळ्यांना नमस्कार केला. "मी सुधाकर. तळेगावहून आलो. फोन पाण्यात पडून बिघडलाय, म्हणून स्वतःच यावं म्हटलं. तुम्ही सकाळी इथे असता, हे नंदा मॅडमनीच एकदा सांगितलं होतं. मला एकच विचारायचंय."

"विचारा ना," मी म्हणाले.

"हा चंद्र कोण?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो.

"मॅडम म्हणाल्या, 'चंद्र आलाय, आणि तो थांबा म्हणतोय.' एवढंच बोलून फोन ठेवला. मी विचार करकरून थकलो. चंद्रकांत असेल, चंद्रशेखर असेल, माझ्या आधीची ओळख असेल. माझी काही हरकत नाही. तो मॅडमना पसंत असेल तर मी आनंदाने बाजूला होईन." इथे त्यांचा आवाज थोडा चढला. "पण मला थांब म्हणणारा तो कोण? त्याने समोर यावं!"

मेधाने पर्स उघडली. वाकडं झालेलं ते कार्ड तिने त्यांच्यापुढे धरलं.

सुधाकररावांनी चष्मा लावला. आधी कार्डाकडे बघितलं, मग मेधाकडे, मग परत कार्डाकडे.

"हा?"

"हो."

"हा... काय करतो?"

"संभ्रम," मेधा पुटपुटली.

"पूर्णवेळ?"

नंदाच्या तोंडून कसलातरी आवाज आला. आम्हाला वाटलं रडतेय. ती हसत होती! पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. एवढ्या वर्षांत आम्ही तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. सुधाकरराव छत्री सावरत तसेच उभे होते.

हसणं थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारलं, "तुम्ही आलात कशाने?"

"लोकलने."

"आणि परतीची गाडी कितीची आहे?"

सुधाकररावांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला.

"ते अजून तुम्ही मला सांगितलेलं नाही."