बेटावरच्या बंगल्याचा उतारा

भुताखेतांची नलूला भीती नव्हती, किळस होती. गिरगावातल्या त्यांच्या प्रभू घराण्याचा एक पडका बंगला अलिबागच्या बाजूला, निर्जन बेटावर होता. तिथे हडळ राहते म्हणून एकाआड एक शनिवारी रामजी खलाशी उतारा घेऊन जाई. उतारा तरी केवढा! तांदूळ, डाळ, सुकी मासळी, कधी लुगडंसुद्धा. "हडळीला लुगडं कशाला?" लहानपणी तिने विचारलं, तर अप्पांनी, तिच्या वडिलांनी, कानशिलात ठेवून दिली. आई गेल्यावर उताऱ्याची टोपली भरणं नलूकडे आलं. ती शाळेत मास्तरीण झाली, चाळिशी उलटली, तरी हे थेर सुटले नाहीत.

छप्पन्नच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गोळीबार, संचारबंदी, होड्या बंद. टोपली राहिली. आठवड्याने संचारबंदी सैलावली, तसा रामजी धापा टाकत आला.

"नलूबाय, म्हातारी थंय उपाशी मरतली!"

"हडळ कशी मरेल रे?"

"खैची हडळ! तुमची आत्या ती, दुर्गाबाय."

दुर्गाआत्या तर नलूच्या जन्माआधीच प्लेगने गेली, असं घरात सांगत. नलू तशीच होडीत बसली.

बंगल्याचं निम्मं छप्पर कोसळलं होतं. वटवाघळांच्या घाणीने नाक फाटत होतं. त्या घाणीत एक म्हातारी चिंचेचा पाला चघळत बसली होती. नलूला पाहताच तिने हात पदराखाली दडवले.

"जवळ येऊ नकोस. महारोग आहे मला. तुझं लग्न अडेल."

नलूने ते हात ओढून पाहिले. बोटं धडधाकट, कातडीवर नुसते पांढरे डाग. शाळेतल्या फिलोमिना टीचरला अस्सेच होते, आणि नलू रोज तिच्या डब्यातलं खात होती. हे कोड होतं, साधं कोड! नलूने आत्याला दंडाला धरून होडीत घातलं.

घरी अप्पा जेवत होते. आत्याला दाराशी उभं करून नलू आत गेली.

"अप्पा, तिला महारोग नाही. कोड आहे."

अप्पांनी घास गिळला. "ठाऊक आहे. डॉक्टर तेव्हाच म्हणाला होता. पण लोक दोन्ही एकच समजतात. घरात आणखी लग्नाच्या बहिणी होत्या. हडळ म्हटलं की कुणी तिकडे फिरकत नाही."

 या माणसाच्या घरचं अन्न आपण आजवर खाल्लं, याची नलूला शिसारी आली.

आत्याने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, भावासमोर बसली, आणि पदराखालचा हात काढून त्याच्याच ताटातला भात कालवू लागली. अप्पा ताडकन उठले. ती जेवत राहिली.