सावंतकाकांच्या हनुवटीचं हाड

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही — त्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून नव्हे, मला लाज वाटते म्हणून.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुलुंडच्या एका दातांच्या दवाखान्यात मी मॅडमच्या हाताखाली नवी डॉक्टर होते. काय कसब होतं त्या बाईंचं! पू झालेली दाढ काढली की जबड्यात खड्डा पडतो, हाड झिजतं. मॅडम पेशंटच्याच हनुवटीतून थोडं हाड घ्यायच्या, बारीक करून त्या खड्ड्यात भरायच्या. मी बघतच राहायचे.

त्यांचा दंडक एकच — भरण्याआधी खड्डा खरवडायचा, कडक हाडाची करकर कानांवर येईपर्यंत. आवाज आला नाही, तर आत घाण आहे.

सावंतकाका भांडुपचे. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करायचे. त्या दिवशी मॅडम त्यांचं हाड बारीक करत होत्या, खरवडायचं काम माझ्याकडे होतं. मनगट भरून आलं होतं. आणि — खरं सांगू? — मला कंटाळा आला होता.

"आवाज आला का गं?" मॅडमनी विचारलं.

नव्हता आला. "हो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा तपासलं नाही. का तपासतील? माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

तीन आठवड्यांत हिरडी सुजली, पुवाबरोबर भरलेलं हाड बाहेर आलं. हनुवटीला टाके घालून घेतलेल्या त्या माणसाचं सगळं सोसणं फुकट गेलं. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "काका, चूक माझी. हाड भरताना माझ्याच हातून काहीतरी चुकलं."

असं सरळ बोलणारा डॉक्टर मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. आणि काका? तेच उलट त्यांची समजूत घालायला लागले — "तुमी कित्याक इतक्या मनाक लावन घेतास?"

मी ट्रे धरून शेजारीच उभी होते. मिठाची गुळणी धरून.

पुढे मॅडमनी हे काम सोडलंच. "माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटत नाही," म्हणाल्या, आणि ते माझ्याकडे सोपवलं. निदान तेव्हा तरी बोलता आलं नसतं? आलं असतं. मी नाही बोलले. हळूहळू माझं नाव झालं.

कुणी पेशंट आला की त्या कौतुकाने सांगायच्या, "हिच्याकडूनच करून घ्या. माझ्यापेक्षा हिचा हात चांगला." मी खाली बघायचे. लोकांना तो विनय वाटायचा.