मुखेडचं लॉगिन

चूक माझी होती, आणि ती लपवायला मला खोटंही बोलावं लागलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिताना स्वतःला सावरून घ्यायचा मोह होणार आहे.

लातूरच्या एका शिक्षणसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक सर्व्हर. अहमदपूर, मुखेड, नायगाव इथल्या आमच्या कॉलेजांचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकाल, सगळं त्या एका यंत्रावर चालतं. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार असतो आणि वर्षभर त्याच्याजवळ चहाचा कप आणायची कुणाची हिंमत नसते. एवढं जपूनही त्याचं दार मी उघडं ठेवलं होतं.

माझं घर अहमदपूरला. सुट्टीच्या दिवशी सर्व्हर अडला की एसटी धरायची, लातूर गाठायचं, दोन मिनिटांचं काम करायचं आणि परत यायचं. याचा कंटाळा आला म्हणून घरी बसून त्यात शिरता येईल अशी सोय मी करून घेतली. मला शिरता येत होतं म्हणजे जगात कुणालाही प्रयत्न करता येत होता. अडवायला फक्त पासवर्ड. त्याच्याही आधी, मुखेडचं कॉलेज पहिल्यांदा जोडलं तेव्हा, चालतंय का बघायला मी 'टेस्ट' नावाचं लॉगिन केलं होतं. पासवर्डही टेस्ट, पुढे एक-दोन-तीन. चाललं, म्हणून तेच मुखेडच्या ऑपरेटरच्या वापरात राहिलं.

मुखेडच्या ऑपरेटर मॅडम कंत्राटावर होत्या. जूनमध्ये संस्थेची सही झाली तरच पुढचं वर्ष. त्यांनी मला दोनदा फोनवर म्हटलं होतं, "सर, बाकी सगळ्यांना नाव हाय. मी काय अजून तपासणीवरच हाय का? बदलून द्या की." मी हसून करतो म्हणालो होतो.

मे महिन्यात, शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत आली असताना, सर्व्हर रेंगाळायला लागला. आत पाहिलं तर एक अनोळखी प्रोग्राम चालू. बंद केला. मिनिटभरात तो दुसऱ्याच नावाने पुन्हा चालू झाला. मी बंद करायचो, तो उठायचा. तिन्ही गावांहून फोन येत होते, अर्ज जात नाही, पोरं रांगेत उभी आहेत. दुपारी इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा फोन आला. तुमच्या यंत्रावरून दुसऱ्यांच्या यंत्रांवर हल्ले होत आहेत, तासाभरात थांबवा, नाहीतर लाईन तोडतो. मी शांत आवाजात हो म्हणालो.

असा प्रोग्राम सोडणाऱ्याला लातूर कुठे आहे हेही ठाऊक नसतं. दिसेल त्या सर्व्हरवर सोपी नावं आणि सोपे पासवर्ड लावून बघायचे, उघडलं की आत बसायचं, आणि मग त्याच यंत्राला पुढची दारं ठोठावायला लावायचं. अशा ताब्यात गेलेल्या यंत्रांच्या फौजेला बॉटनेट म्हणतात. आमचा सर्व्हर त्या फौजेत भरती झाला होता.

मी इंटरनेटची वायर उपटली आणि आत कोण कधी शिरलं त्याच्या नोंदी छापून काढल्या. कागदावर स्वच्छ दिसत होतं. कुठल्याशा परक्या पत्त्यावरून एकामागून एक नावं लावली गेली, सगळी नाकारली गेली, आणि एक चाललं. टेस्ट.

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या खोलीत बैठक झाली. सचिव, दोन संचालक, प्राचार्य, हेडक्लार्क. तिन्ही गावांच्या ऑपरेटरांनाही बोलावलं होतं. तो कागद चार घड्या घालून माझ्या खिशात होता. सचिवांनी विचारलं, कोणत्या लॉगिनवरून आत आले?

"टेस्ट, सर."

"ते कुणाचं?"

"मुखेडचं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. हेडक्लार्क सहज बोलल्यासारखा म्हणाला, "मॅडमचा भाऊ नांदेडला मोबाईल दुरुस्ती करतो म्हणं." तेवढं पुरलं. पासवर्ड कुणाला दिला, भाऊ कॉलेजात कधी आला होता, असे प्रश्न सुरू झाले. त्या कुणालाच नाही, कधीच नाही, असं म्हणत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन असं त्यांना वाटलं होतं. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला.

चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. जून तीन आठवड्यांवर होता.

मी सर्व्हर नव्याने उभा केला, सगळे पासवर्ड बदलले, बाहेरची वाट बंद केली. सचिवांनी पाठ थोपटली. नायगावचा ऑपरेटर फोनवर म्हणाला, "मुखेडच्या मॅडमनं तर अख्खी दुनिया हॅक केली की, सर." मीही हसलो. फोन ठेवल्यावर मला माझ्या त्या हसण्याची किळस आली.

पुढच्या रविवारी मी मुखेडची एसटी धरली. मॅडमच्या वडिलांनी, ते निवृत्त शिक्षक, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंखालची खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मी कागद उलगडून सगळं सांगितलं. मॅडमनी तो दोनदा वाचला. वडिलांनी एवढंच विचारलं, "साहेब, त्या दिवशी हा कागद होता तुमच्याकडं?"

"हो. खिशात होता."

ते उठून आत निघून गेले.

मी माफीचा शब्द काढणार तेवढ्यात मॅडमनी हात वर केला. "इथं नका मागू, सर. इथं मला कुणी चोर म्हणलं न्हाई. जिथं पाच माणसांसमोर म्हणलं, तिथं येऊन सांगा." मग चहा घेऊनच जा म्हणाल्या.

सोमवारी मी सचिवांना लेखी कबुली दिली. त्यांनी ती वाचून टेबलावर पालथी ठेवली. प्रकरण थंड झालंय, तुमची इतक्या वर्षांची नोकरी, मुलगी बारावीला, मुखेडला दुसरी ऑपरेटर मिळून जाईल, असं ते समजावत राहिले. ते मला वाचवत होते, आणि ऐकताना मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचीच भीती वाटून मी घाईने म्हणालो, की बैठक पुन्हा लावा, तीच माणसं बसवा आणि मॅडमना बोलवा.

"तुमच्यावर कारवाई करावी लागंल," ते म्हणाले.

"करा, सर."

गुरुवारी सगळे जमले. मॅडम दाराजवळच्या खुर्चीवर होत्या, त्यांचे वडील बाहेर व्हरांड्यात उभे होते. सचिवांपुढे नव्या वर्षाच्या कंत्राटांची फाईल होती. मी उठलो, नोंदींचा कागद त्या फाईलवर ठेवला आणि मुखेडच्या कंत्राटाचा निर्णय हा कागद वाचून मग घ्या, असं म्हणालो. मग मॅडमकडे वळलो. आवाज व्हरांड्यात ऐकू जाईल इतका मोठा काढला.

"मॅडम, ते लॉगिन मी केलं, पासवर्ड मी ठेवला, आणि माझा हेलपाटा वाचावा म्हणून बाहेरून दार मीच उघडलं. बदलून द्या, असं तुम्ही दोनदा म्हणाला होता, मी केलं नाही. तुम्ही कुणाला काही दिलं नव्हतं, तुमच्या भावाचा यात काही संबंध नव्हता, हे मला त्या दिवशी ठाऊक होतं, तरी याच खोलीत मी गप्प बसलो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो आणि तुमची जाऊ दिली. मला माफ करा."