विहिरीत गार केलेली शांपेन

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत शांपेन निवडायची वेळ माझ्यावर आली. तोवर मी दारूची बाटली लांबूनसुद्धा नीट पाहिली नव्हती.

माझा नवरा फौजेत लेफ्टनंट, घरातला पहिला ऑफिसर. मामंजी निवृत्त सुभेदार. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी मी सातारा जिल्ह्यातल्या त्या उसाच्या गावात डोक्यावरचा पदर सावरत होते, आणि नवरा छावणीत. क्वार्टर मिळायची अडचण नव्हती, अडचण मामंजींची होती. थोरली सून घरात हवी, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायची नवऱ्याची टाप नव्हती. म्हणून त्यानं युक्ती काढली. दिवाळीला कर्नलसाहेबांना बायकोसह जेवायला आणायचं. साहेब खूश झाले की तेच मामंजींना म्हणतील, सुनेला पाठवून द्या. सुभेदार कर्नलला नाही म्हणत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. साहेबांना शांपेन आवडते, तेवढी आणून ठेवा, असं मामंजींना सांगून तो गेला.

मामंजी गूळ घेऊन सांगलीला निघाले तेव्हा त्यांनी मलाही जीपमध्ये बसवलं, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच. पण परवान्याच्या दारूच्या दुकानात सून शिरणार कशी? जीप गल्लीच्या तोंडाशी उभी केली, ताडपत्री खाली सोडली. आत गुळाच्या ढेपा, माश्या आणि मी. मामंजींनी पिशवीत झाकून दोन बाटल्या आणल्या आणि फटीतून आत सरकवल्या. दुकानात तेवढ्याच होत्या. लेबलं इंग्रजी नव्हतीच. मला त्यातलं ओ की ठो कळेना, आणि तसं सांगायची लाज वाटली.

"ही ग्वाड हाय म्हंतोय, आन ही न्हाई," मामंजी बाहेरून म्हणाले. "सनाला ग्वाडच घ्यावी की."

मी दोन्ही बाटल्या फिरवून पाहिल्या. चुकीची बाटली गेली तर जन्म इथेच, असं मला अगदी खरं वाटत होतं. घामानं पदर मानेला चिकटला होता. मग मला सुचलं आणि मी विचारलं, "मामंजी, साहेब लोक चहा कसा घेतात?"

"बिनसाखरेचा. लय कडू," ते म्हणाले. पलटणीत त्यांनी तो पाहिला होता.

मी बिनगोडाची ठेवून घेतली. गुळाच्या घरात सणाला असली बाटली आली म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दिवस पुटपुटत होत्या.

पाहुणे यायच्या दिवशी मामंजींनी बाटली फडक्यात बांधून विहिरीत सोडली, उन्हाळ्यात कलिंगड सोडतात तशी. दुपारी ओढून काढली तर लेबल पाण्यात गेलेलं.  हिरवी, नागडी बाटली तशीच ताटात ठेवून बाहेर पाठवली.

पुढच्या सोप्यात बूच उडालं तेव्हा मी माजघराच्या दाराआड उभी होते. साहेबांनी घोट घेतला, पुन्हा घेतला आणि विचारलं, ही कुठली? लेबल नाही, नाव कुणाला येईना. मामंजी उठून उभे राहिले आणि त्यांनी सांगून टाकलं की ही आमच्या सूनबाईनं निवडली, स्वयंपाक तिचा, घराची ही सगळी व्यवस्थाही तिचीच. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल इतका अभिमान मी कधी ऐकला नव्हता. मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. आता साहेब बोलतील, म्हणून मी दाराची कडी घट्ट धरली.

साहेब बोलले. "सुभेदारसाहब, ऐसी बहू को घर से जाने मत देना."

"जी साहब," मामंजी ताठ उभे राहून म्हणाले.

नवरा पानातल्या करंजीकडे बघत राहिला. आता तरी हा काही बोलेल म्हणून मी थांबले. त्यानं करंजी मोडून तोंडात घातली. मला साहेबांपेक्षा त्याचाच जास्त राग आला. साहेबांनी तर कौतुकच केलं होतं, त्यांना काय म्हणणार?

रजा संपल्यावर तो एकटाच परत गेला. मामंजींनी नंतर तो विषय कुणाला काढूच दिला नाही. कर्नलसाहेबांचा हुकूम हाय, म्हणत. बाटली जाड आणि मजबूत होती, म्हणून आत्याबाईंनी ती टाकली नाही. धुऊन तिच्यात रॉकेल भरून ठेवलं. दिवेलागणीला कंदील भरायचं काम माझं होतं.