आईची चक्कर

चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमधला गॅस गिझर मी स्वतः साफ करायचो आणि त्याचा मला कोण गर्व! दर दिवाळीला ओलं फडकं घ्यायचं, वरचा पत्रा चकचकीत पुसायचा, दोन नवे सेल टाकायचे, की झालं. आतला बर्नर उघडून साफ करावा लागतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बायको म्हणाली, "अहो, ज्योत पिवळी दिसतेय, मेकॅनिकला बोलवा," की मी खेकसायचो, "पेटतोय ना? मग कशाला नसती कटकट!"

त्या वर्षी डासांनी नुसता उच्छाद मांडला होता. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्यांमधून झुंडीच्या झुंडी आत शिरायच्या. मी जाड प्लास्टिक आणलं आणि खिडकी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद करून टाकली. बायको म्हणाली, "वाफ कुठून जाणार?" मी म्हटलं, "वाफेने कुणी मेलंय का आजवर?"

आई दिवाळीला आमच्याकडे आली होती. एरवी ती वसईत, होळी नावाच्या भागात, स्वतःच्या एका खोलीत एकटी राहायची. सत्तरी उलटली होती, तरी बाजारहाट, बँक, दवाखाना सगळं तिचं तीच करायची. आमच्याकडे कायमची ये म्हणून मी किती मागे लागलो, पण ती बधायची नाही. "माझं मला होतंय तोवर तिथेच," म्हणायची.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी तिचा शिरस्ता ठरलेला. सगळ्यांना स्वतःच्या हाताने तेल-उटणं लावून अंघोळीला पिटाळायचं आणि आपण शेवटी जायचं. मी, बायको, दोन्ही मुली, एकामागून एक. दीड तास तरी गिझर पेटताच होता. मग आई आत गेली. पाण्याचा आवाज थांबेना. फराळाची ताटं वाढलेली, मला कडकडून भूक लागलेली. मी दारावर थाप मारून ओरडलो, "आई, अगं किती पाणी घालवशील? आटप की!" उत्तर नाही. मी आणखी चिडलो, आणखी ओरडलो. शेवटी बायकोने मला बाजूला सारलं आणि फटीत सुरी घालून आतली कडी वर सरकवली. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. मान कलंडलेली. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर ती तासाभरात बोलायला लागली. डॉक्टरांनी मला विचारलं, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? हवा खेळती असते?" मी म्हणालो, "हो, खिडकी आहे. गिझरही नुकताच साफ केलाय." माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. मग वयामुळे चक्कर आली असेल, यांना एकटीला ठेवू नका, असं ठरलं. दुपारी घरी आलो आणि कुणी बघायच्या आत ते प्लास्टिक ओरबाडून काढलं. म्हणजे मला कळलं होतं. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाच कळलं होतं.

आठवड्याने मेकॅनिकला बोलावलं. त्याने पत्रा काढला, तर आत बर्नरवर काजळीचा थर आणि जळमटं. "साहेब, बंद खोलीत असा गिझर चालवला तर माणूस जागच्या जागी जातो!" तो म्हणाला. मी त्याला काय म्हणावं? म्हणालो, "हळू बोला, आई आत झोपलीय."

आई मात्र खचली. "माझा आता भरवसा नाही रे," म्हणायला लागली. महिन्याभरात तिने होळीची खोली विकायच्या कागदावर सही केली. मी शेजारीच बसलो होतो. तिला जिथे सही करायची होती तिथे मीच बोट ठेवलं.

आमच्याकडे कायमची राहायला आल्यावर ती अंघोळीला जाताना दार लोटून घ्यायची आणि एका नातीला बाहेर उभी करायची. मध्येच आतून सांगायची, "आहे गं, आहे." एकदा मी ऑफिसातून संध्याकाळी आलो तर ती कालच्याच साडीत बसलेली. "आज अंघोळ राहिली. दाराशी उभं राहायला कुणी नव्हतं," इतकं ओशाळून म्हणाली, जणू चूक तिची होती. मग मात्र मला राहवलं नाही. तिच्यापुढे बसलो आणि प्लास्टिक, काजळी, डॉक्टरांशी बोललेलं खोटं, सगळं ओकून टाकलं.

मला वाटलं, रडेल, शिव्या देईल. तिने फक्त विचारलं, "म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?"

"नाही, आई."

मग एखाद्या पोरीसारखा तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "मग मला उद्या होळीला नेऊन सोड."

आणि मग तिची तिलाच कागदावरची सही आठवली.